सुंभ जळतो, पीळ राहतो

अनुवादाच्या वर्गात मी एक इंग्रजी वाक्य दिलं होतं. साधंच. एक माणूस रात्रभर स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीशी 'रेसल' करतो आणि सकाळी राजीनामा देतो. एका विद्यार्थ्याच्या वहीत ते असं उतरलं: 'तो रात्रभर आपल्या सदसद्विवेकबुद्धीशी कुस्ती खेळला.' वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "निकाली झाली की बरोबरीत सुटली?" मग मीही हसलो.

घरी येताना मात्र हसू ओसरलं. पोराने चूक काय केली होती? शब्दकोशात 'रेसल' म्हणजे कुस्ती खेळणे असंच आहे. इंग्रजीत हे वाक्य वाचताना कुणाला हसू येत नाही, उलट त्या माणसाची दया येते. तेच मराठीत आणलं की लंगोट लावलेली सदसद्विवेकबुद्धी डोळ्यांसमोर उभी राहते. असं का होतं, हे शोधायला बसलो आणि दोन-तीन संध्याकाळी त्यात गेल्या.

आधी उच्चाराचं बघू. या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'डब्ल्यू' आणि मध्ये 'टी' आहे, पण बोलताना दोन्ही गायब. आपल्याकडे बरेच जण 'रेस्टलिंग' म्हणतात, ते स्पेलिंगवर विश्वास ठेवून. इंग्रजीवर असा विश्वास ठेवायचा नसतो, पण ही अक्षरं उगाच बसलेली नाहीत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द 'व्रॅस्टलियन' असा काहीसा होता आणि त्यातला 'व' आणि 'ट' खरोखर उच्चारला जात असे. पुढे 'व्र'मधला 'व' जिभेवरून उतरला आणि 'कासल', 'व्हिसल', 'लिसन' यांच्यातला 'ट'ही गेला. कागदावर दोघांच्या जागा तेवढ्या राहिल्या.

या जुन्या शब्दाच्या पोटात आणखी एक शब्द आहे: 'रेस्ट'. विश्रांतीचा नव्हे, हाही 'डब्ल्यू'ने सुरू होतो. अर्थ पिळणे, मुरगळणे, पिळवटून हिसकावून घेणे. आजही सत्ता कुणाच्या हातातून हिसकावली की इंग्रजी वर्तमानपत्रं हाच शब्द वापरतात. त्याला शेवटी 'ल'चं शेपूट लागलं आणि 'रेसल' झाला. हे शेपूट इंग्रजीत बऱ्याच ठिकाणी दिसतं. 'स्पार्क' म्हणजे ठिणगी, 'स्पार्कल' म्हणजे ठिणग्यांसारखं पुन्हा पुन्हा चमकणं. 'क्रॅक' म्हणजे एकदा तडकणं, 'क्रॅकल' म्हणजे तडतडत राहणं. एकदा घडलं तर साधा शब्द, घडतच राहिलं तर 'ल' लावायचा.

मराठी हेच काम शब्द दुहेरी करून करते. रेटणं एकदाचं असतं, रेटारेटी चालू राहते. ओढणं एकाचं, ओढाओढी दोघांची. हिसकणं आणि हिसकाहिसकी, मारणं आणि मारामारी. म्हणजे 'रेस्ट' जर हिसडा असेल, तर 'रेसल' ही हिसकाहिसकी आहे, पिळापिळी आहे. एका हिसड्यात काम झालं असतं तर या शब्दाची गरजच पडली नसती.

ज्याला हे डोळ्यांनी बघायचं असेल त्याने चैत्रात एखाद्या गावच्या यात्रेला कुस्त्यांच्या मैदानात बसावं. हलगी कडाडत असते. जोड सोडली जाते, दोघं वाकून माती कपाळाला लावतात, मग एकमेकांच्या अंगावर मूठ मूठ माती टाकतात. घामाने अंग निसरडं होतं आणि पकड सुटते, म्हणून ही माती. म्हणजे 'मला नीट धर' ही सोय प्रतिस्पर्ध्याला आपणच करून द्यायची. मग सुरू होते खडाखडी. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दोघं नुसते डोक्याला डोकं लावून उभे आहेत. जवळ बसलात तर दिसतं की सगळा खेळ मनगटांचा चाललाय. एकाने दुसऱ्याचं मनगट पकडलं की दुसरा ते अंगठ्याच्या बाजूला फिरवून झटका देतो, कारण पकड तिथेच कच्ची असते. सुटलं. लगेच पुन्हा पकडलं. पुन्हा पीळ, पुन्हा झटका. अजून पट, ढाक, कलाजंग असा एकही डाव नाही. प्रेक्षकांतले नवखे कंटाळून शेंगा फोडायला लागतात. इंग्रजी शब्दाच्या शेवटचा तो 'ल' म्हणजे ही खडाखडी.

मनगटाचं नाव घेतलं ते मुद्दाम. इंग्रजीत मनगटाला 'रिस्ट' म्हणतात आणि तोही 'डब्ल्यू'नेच सुरू होतो. 'रिस्ट' आणि 'रेसल' एकाच कुळातले. मनगट म्हणजे जिथे हात वळतो, फिरतो, ती जागा. याच कुळात मुरडून केलेल्या फुलापानांच्या कड्यासाठीचा 'रीथ' आहे आणि वेदनेने तळमळण्या-पिळवटण्यासाठीचा 'राइद' आहे. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांना 'वळणे' या अर्थाच्या एका फार जुन्या धातूशी नेऊन जोडतात. आपला 'वर्तुळ'मधला 'वृत्' त्याच गोतावळ्यातला मानला जातो. गंमत अशी की संस्कृतात मनगटाला 'मणिबंध' म्हणतात, म्हणजे दागिना बांधायची जागा. एकाच सांध्याकडे बघून एकाला बांगडी आठवली, दुसऱ्याला पीळ.

आता अर्थाकडे. 'फाइट'मध्ये ठोसा चालतो, लाथ चालते, तलवार आणि बंदूकही चालते. 'रेसल'मध्ये मारायचं नसतं, धरायचं असतं. तुम्ही ज्याला धरलंय त्यानेही तुम्हाला धरलेलं असतं. त्याचं वजन तुमच्या अंगावर, तुमचा श्वास त्याच्या कानाशी. लांबून 'रेसल' करता येत नाही. माझ्या मते या क्रियापदाचा प्राण इथेच आहे. इंग्रजीत एखादा माणूस प्रश्नाशी 'रेसल' करतो असं म्हटलं की तो प्रश्नाला झोडपत नसतो. प्रश्न त्याच्या गळ्यात हात टाकून बसलेला असतो आणि सोडत नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, नुसत्या 'रेसल'मध्ये निकाल नाही. 10 सप्टेंबर 1910 रोजी लंडनमध्ये आपला गामा पैलवान आणि पोलंडचा स्टानिस्लाउस झ्बिश्को यांची कुस्ती झाली. गामाने सुरुवातीलाच त्याला खाली घेतलं आणि मग झ्बिश्को जो पालथा पडला तो उठेचना. अडीच तासांहून जास्त वेळ तो मॅटला चिकटून राहिला आणि गामाला त्याला उलथवता आलं नाही. कुस्ती बरोबरीत सुटली. आठवडाभराने पुन्हा लढत ठरली, तर झ्बिश्को आलाच नाही. पुढे 1928मध्ये पतियाळाला दोघं पुन्हा भेटले आणि गामाने त्याला मिनिटभराच्या आत चीत केलं. दोन्ही प्रसंगांना इंग्रजीत क्रियापद एकच लागतं, 'रेसल'. अडीच तास आणि एक मिनिट यांतला फरक ते सांगत नाही. तो सांगायला चीत केलं, पाडलं, दाबून धरलं अशा अर्थांचे वेगळे शब्द आणावे लागतात.

मराठीचं याच्या उलट. आपल्याकडे कुस्तीसाठी एकेरी क्रियापदच नाही. 'कुस्तणे' असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे नाम आहे आणि त्याच्याभोवती क्रियापदांचा फौजफाटा. कुस्ती नेमतात, कुस्ती लागते, पैलवान कुस्ती धरतो, कुस्ती रंगते, पंच ती सोडवतात आणि जिंकणारा कुस्ती मारतो. 'त्याने कुस्ती मारली' या तीन शब्दांत निकाल आला. कोल्हापूर-सांगलीकडच्या म्हाताऱ्याला इंग्रजीतलं ते एकटंदुकटं क्रियापद फारच अर्धवट वाटेल.

बरं, ज्याला आपण अस्सल मातीतला समजतो तो 'कुस्ती' हा शब्दही फारसीतून आलेला. फारसीत तो 'कुश्ती', आणि त्याचं मूळ कमरेच्या पट्ट्याच्या नावात आहे असं मानलं जातं. कमरपट्टा धरून खेळायची ती कुश्ती. मुंबईतले पारशी कमरेला जो पवित्र धागा बांधतात त्याचं नावही 'कुस्ती'च. 'पैलवान'ही फारसीच. तो 'पहलव' म्हणजे पार्थियन लोकांच्या नावावरून आला. संस्कृताकडून आलेला 'मल्ल' आहे, पण तो आता सत्काराच्या भाषणात किंवा बातमीच्या मथळ्यात भेटतो. तालमीत वस्ताद पोराला "मल्ला, उठ" म्हणत नाही.

मग जगण्यातल्या, मनातल्या झगड्यांसाठी मराठी काय वापरते? 'झ'चा घोळका बघा: झुंज, झगडा, झटापट, झोंबाझोंबी, झटणे. यातली 'झुंज' ही 'युद्ध'च्याच धातूतून प्राकृताच्या वाटेने आली. हिंदीतलं 'जूझना' तिचं भावंड. म्हणजे झुंज मुळात रणांगणावरची. म्हणून माणूस कॅन्सरशी झुंज देतो, मृत्यूशी झुंज देतो. 'झटापट' वर्तमानपत्रांनी पोलिस आणि आंदोलकांना देऊन टाकली. 'जुंपली' हा शब्द तर बैलगाडीचा. बैल जुंपावेत तसे दोघे एकमेकांना जुंपले जातात. एका जुवाखाली आल्यावर सुटका नाही, ही कल्पना 'रेसल'च्या बरीच जवळ जाते, पण तिचा उपयोग आपण सासू-सुनांपुरता आणि नळावरच्या भांडणापुरता ठेवलाय.

सगळ्यात जवळ जातं ते 'झोंबणे'. झोंबणं म्हणजे अंगाला जाऊन चिकटणं, सोडवू म्हटलं तरी न सुटणं. आनंद यादवांनी 1987 साली आलेल्या आपल्या आत्मचरित्रात्मक कादंबरीला 'झोंबी' हेच नाव दिलं. बाप, दारिद्र्य आणि शेतातली कामं यांच्या मिठीतून शाळेसाठी सुटू बघणाऱ्या पोराची ती कथा. यादव कागलचे, कुस्तीच्या मुलखातले. 'लढा', 'संघर्ष' असले गुळगुळीत शब्द हाताशी असताना त्यांनी अंगाला अंग लागलेला शब्द उचलला. बापाशी युद्ध करता येत नाही, पण झोंबी खेळावी लागते. या पुस्तकाला 1990 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इंग्रजीतल्या 'रेसल'ला मराठीत इतकं चपखल उत्तर मला दुसरं सापडलेलं नाही.

इंग्रजी शब्द मनातल्या झगड्यापर्यंत पोचला कसा, याची एक जुनी वाट बायबलमधून जाते. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब एका नदीच्या उताराशी रात्री एकटा राहतो आणि एक अनोळखी पुरुष त्याच्याशी पहाटेपर्यंत झोंबतो. याकोब त्याला सोडत नाही, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणतो. मांडीचा सांधा निखळतो, नाव बदलून 'इस्राएल' होतं आणि उजाडताना तो लंगडत पुढे जातो. समोरचा माणूस होता, देवदूत होता की देव, यावर शतकानुशतकं चर्चा झाली. त्या कथेतलं हिब्रू क्रियापद धूळ या अर्थाच्या शब्दाशी जोडलं जातं, म्हणजे धुळीत माखणं. (आमच्या लाल मातीतल्या वस्तादांना हे ऐकून बरं वाटेल.) ही कथा चर्चमधून पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेल्या समाजाला 'देवाशी रेसल करणं', 'शंकेशी रेसल करणं' यात हसण्यासारखं काय वाटणार? शेक्सपिअरनेही 'ॲज यू लाइक इट'मध्ये याचा मजेत वापर केलाय. ऑर्लँडो दरबारी मल्लाला पाडतो आणि बघता बघता रोझालिंडचं मन त्याच्यावर बसतं. मैत्रीण तिला सांगते, स्वतःच्या भावनांशी जरा कुस्ती कर. त्यावर ती म्हणते की त्या भावना तर माझ्याहून तगड्या मल्लाच्या बाजूने उतरल्यात. खरी कुस्ती आणि मनातली कुस्ती, दोन्ही तासाभरात एकाच क्रियापदावर.

आपल्याकडे कुस्तीचे शब्द रूपक म्हणून कमी आहेत असं मुळीच नाही. निवडणूक लागली की वर्तमानपत्रांचा आखाडा होतो. नेते शड्डू ठोकतात, दंड थोपटतात, एकमेकांना अस्मान दाखवतात, धोबीपछाड देतात. आतून संगनमत असेल तर ती नुरा कुस्ती. पण हे सगळं बाहेरचं, चारचौघांतलं, हलगीच्या आवाजातलं. आतल्या भांडणासाठी मराठी माणूस आखाड्यात जात नाही. तुकोबांनीसुद्धा आतल्या झगड्याला युद्ध म्हटलं. बाकी आपली घालमेल होते, तगमग होते, उलघाल होते. माझ्या विद्यार्थ्याच्या वाक्यात हसू आलं ते म्हणूनच. त्याने यात्रेतली हलगी मध्यरात्री बेडरूममध्ये वाजवली होती.

आणि तरीही आपल्या भाषेत कुस्ती मनात शिरलेली आहेच. ती अशा ठिकाणी दडली आहे की मला वर्षानुवर्षं दिसली नाही. 'डावपेच' घ्या. 'पेच' हा फारसी शब्द. अर्थ वळसा, पीळ, गुंडाळा. फिरवून बसवायच्या स्क्रूला जुन्या मराठीत पेच म्हणत. पगडीवरचा शिरपेच त्यातलाच. पतंगाचा मांजा मांज्यात गुरफटला की पेच लागला. तालमीत अंगाला अंग गुंतवून केलेली पकड म्हणजे पेच. आणि माणसाला काय करावं हे सुचेनासं झालं की? तो पेचात सापडतो. पीळ, मग कुस्तीतली पकड, मग मनातली अडचण. इंग्रजीतला 'रेस्ट' ज्या पायऱ्या चढून गेला, नेमक्या त्याच पायऱ्या आपला 'पेच' चढलाय. फरक एवढाच की इंग्रजीने ती गोष्ट क्रियापदात ठेवली आणि आपण नामात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे दोन वेगळ्या भाषांतले दोन सुंभ आणि पीळ मात्र सारखा.

रोजच्या इंग्रजीत हे क्रियापद फार घरगुती कामंही करतं. झिप लागत नसलेल्या बॅगेशी लोक 'रेसल' करतात, रजईला खोळ घालताना करतात, जिन्यावरून सोफा वर नेतानाही करतात. निर्जीव वस्तूनेही हट्ट धरलाय, तीही उलटं ढकलतेय, असा त्यात भास असतो. आमच्या चाळीत एकदा लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवलं. दुसऱ्या वळणावर ते कठड्यात अडकलं ते ना वर ना खाली. चौघे खालून रेटत होते, दोघे वरून ओढत होते, माझे काका कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत उभे राहून सूचना देत होते. इंग्रज म्हणेल, त्यांनी ते कपाट 'रेसल' करत वर नेलं. आई एवढंच म्हणाली, "कपाट वर न्यायचं तर नाकी नऊ आले हो." कृतीचं वर्णन तिने केलंच नाही, करणाऱ्यांचं काय झालं ते सांगितलं. दमछाक झाली, घाम फुटला, कंबरडं मोडलं. मराठी अशा वेळी कपाटापेक्षा माणसाकडे बघते.

'रेसल'ची भावंडं थोडक्यात. 'ग्रॅपल'मध्ये आकडा आहे, फ्रेंचमधल्या आकड्याच्या शब्दावरून आलेला. द्राक्षाचा 'ग्रेप' त्याच मुळाचा. शत्रूच्या जहाजाला दोरीचा आकडा टाकून ओढायचं, ते ग्रॅपल. म्हणून प्रश्नाशी 'ग्रॅपल' करणारा अजून पकड शोधत असतो, 'रेसल' करणाऱ्याला प्रश्नाने धरलेलं असतं. 'टसल' आणि 'स्कफल' या छोट्या चकमकी. 'स्ट्रगल'ला तर समोर कुणी लागतही नाही, माणूस एकटा श्वासासाठी स्ट्रगल करू शकतो. त्याला आपण मुंबईत घर दिलंय. सिनेमात काम मिळेपर्यंत जो तो 'स्ट्रगलर'.

आणि 'रेसलर'? पैलवान आणि रेसलर हे मराठीत आता दोन वेगळे प्राणी आहेत. खाशाबा जाधवांनी 1952मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं, ते पैलवान. नव्वदच्या दशकात आम्ही ज्यांची पत्त्यांसारखी कार्डं जमवली, उंची-वजन-छातीच्या आकड्यांवर एकमेकांची कार्डं जिंकली, ते रेसलर. तिथलं सगळं ठरवून असतं की खरं, यावर आम्ही शाळेत हातघाईवर यायचो. त्या व्यावसायिक कुस्तीचे तेव्हाचे मालक विन्स मॅकमॅहन यांच्या कंपनीने 1989मध्येच न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे ही करमणूक असल्याचं मान्य करून टाकलं होतं, पण ती बातमी आमच्या वर्गापर्यंत आली नव्हती. 'मड रेसलिंग'चा अनुवाद कुणी 'मातीतील कुस्ती' असा करू नये, हेही जाता जाता. तो चिखलातला टवाळ तमाशा आहे. मातीला पाय लावण्याआधी नमस्कार करणाऱ्या तालमीला तो शब्द लावला तर वस्ताद बाहेर काढतील.

पुढच्या तासाला मी तेच वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलं. 'द्वंद्व चाललं होतं' आलं. बरोबर, पण पुस्तकी. 'झगडत राहिला' आलं, चालेल. मग एक मुलगी, जी सहसा बोलत नाही, म्हणाली, "सर, तो काही करतच नाहीये असं केलं तर? 'रात्रभर त्याला ते झोंबत राहिलं.'" मिरची झोंबते, थंडीचा वारा झोंबतो, कुणाचे शब्द झोंबतात. कर्ता बदलला होता. माणूस खाली, गोष्ट वर. पण मग त्याची स्वतःची पकड कुठे गेली, असं मी विचारलं. ती म्हणाली, "सकाळी राजीनामा दिला ना त्याने. तिथे."

तिच्या वहीत मी बरोबरची खूण केली आणि खुणेशेजारी पेन्सिलने छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं.